मनुकांचं पाणी

"तालुक्यातले सगळे गुत्ते सरकारनं बंद केले, पण तुमच्या देवळात परवान्यावर चालूच आहे," पप्पा म्हणाले, आणि लाजरसकाकांनी ओठांपर्यंत नेलेली चहाची बशी तशीच खाली ठेवली.

मी दाराआड चिवड्याची ताटली घेऊन उभी होते. आत जावं की नाही, मला कळेना. आमच्या ओसरीवरची ती चौथी बैठक होती आणि पहिल्या तीनही बैठका चिवडा संपायच्या आत मोडल्या होत्या.

"मास्तर, शब्द जपून वापरा," लाजरसकाका म्हणाले. "त्यो प्रभूचा प्याला हाय."

"प्याला प्रभूचा आहे. आत जे ओतता त्याबद्दल बोलतोय मी."

साल १९७१. आदल्या नोव्हेंबरात नागपूरला मोठ्या मांडवात सहा पंथांची मिळून एक मंडळी झाली होती. त्यासाठी म्हणे चाळीस वर्षं बोलणी चालली होती. आमचं सोनझरी म्हणजे नगर जिल्ह्यातलं लहानसं गाव, पण तिथंही ख्रिस्ती माणसं दोन देवळांत विभागलेली. ओढ्याच्या अलीकडे आम्ही, अमेरिकन मिशनवाले, अठ्ठावीस घरं. पलीकडे विलायती मिशनचे, त्यांची तीस-बत्तीस घरं. एकाच विहिरीचं पाणी, एकाच शाळेतली पोरं, सोयरीकसुद्धा एकमेकांत. रविवारी मात्र दोन घंटा वाजायच्या आणि नवरा-बायको ओढ्यापर्यंत सोबत येऊन दोन वाटांना लागलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत. नागपूरला जे झालं ते आता सोनझरीत व्हायचं होतं, आणि ते माझे पप्पा शांतवन ओहोळ मास्तर आणि लाजरस भिंगारदिवे मेस्त्री या दोघांच्या हातात होतं. पप्पा आमच्या देवळाचे मुख्य पंच, काका त्यांच्या.

पाटोळे पाळक तरुण होते, दोन्हीकडचा कारभार त्यांच्या गळ्यात नव्यानंच पडला होता. बरंचसं त्यांनी जमवून आणलं होतं. उपासना पलीकडच्या देवळात, कारण ते मोठं. बाकं आमची, कारण त्यांच्याकडे नुसत्या सतरंज्या. प्रार्थनेला गुडघे टेकायचे की बसून राहायचं यावर एक अख्खी बैठक गेली. शेवटी पाळक म्हणाले, "ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसावं," आणि प्रश्न मिटला.

गाडी अडली ती प्रभुभोजनाशी, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीशी. आमच्याकडे मनुकांचं पाणी असायचं, काचेच्या इवल्या पेल्यांत, प्रत्येकाला वेगळा पेला. पलीकडचे त्याला भातुकली म्हणायचे. त्यांच्याकडे चांदीचा एकच प्याला, त्यात खरा द्राक्षारस. बाटली कुलपात असायची आणि तिचा सरकारी परवाना देवळाच्या भिंतीवर.

"मास्तर, तुमची अट काय ती एकदाची सांगून टाका," पाळक काकुळतीला येऊन म्हणाले.

पप्पांनी बोट वर केलं. ओसरीच्या भिंतीवर चौकटीत एक पिवळा कागद होता. आमच्या घरातल्या प्रत्येकाला तो तोंडपाठ होता. 'मी मरेपर्यंत थेंबभरही मद्य ओठांस लावणार नाही.' खाली वळणदार नव्हे, नुकतं अक्षर जमू लागलेल्या मुलाचं, 'शांतवन दाविद ओहोळ, वय ११.' त्याखाली 'साक्षीदार' असं छापलेलं आणि पुढची जागा कोरी.

"माझी अट ती आहे," पप्पा म्हणाले. "दुसऱ्यांनी काय प्यावं हे मी सांगत नाही. पण प्याल्यात मद्य असेल तर मी प्रभूच्या मेजाशी येणार नाही. आणि मी आलो नाही तर माझी अठ्ठावीस घरं ओढा ओलांडणार नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे."

लाजरसकाका त्या कागदाकडे बघत राहिले. ती चौकट त्यांनीच केलेली होती, सागवानाची. पप्पांचे वडील दारूपायी गेले. ओढ्याच्या काठी सकाळी पालथे पडलेले सापडले, आणि सापडले ते पप्पा आणि लाजरस या दोन पोरांनाच. शाळेला निघाले होते दोघं. नंतर मिशनच्या साहेबांनी पप्पांकडून शपथेचा कागद लिहून घेतला आणि म्हणाले, साक्षीदार म्हणून दोस्ताची सही आण. लाजरस नाही म्हणाला. "आमच्या देवळात प्याल्यात खरी असती. म्या उद्या पिणार, मंग खोटी सही कशाला करू?" पप्पांनी दुसऱ्या कुणाची सही घेतली नाही. तेव्हापासून काही त्यांची दोस्ती तुटली नव्हती, पण 'शांत्या' आणि 'लाजऱ्या'चे हळूहळू 'मास्तर' आणि 'मेस्त्री' झाले होते.

"बरं," काका शेवटी म्हणाले. "मनुकांचं पानी तर मनुकांचं पानी. माझ्या मान्सांना म्या समजावतो. आमच्यातली म्हातारी म्हनतील, हे काय प्रभुभोजन झालं का, सरबत झालं. त्यांचं म्या बघून घेईन. पर प्याला एकच. भातुकली न्हाय."

"एकच," पप्पा म्हणाले.

"शब्द?"

"शब्द."

तेव्हा कुठं मी ताटली घेऊन बाहेर गेले. त्या दिवशी चिवडा संपला.

मनुकांचं पाणी काढायचं काम आमच्या घरातलं. आजीनंतर आईकडे आलेलं. शनिवारी संध्याकाळी मनुका धुऊन भिजत घालायच्या, रविवारी उजाडायच्या आत चुरायच्या, पातळ फडक्यातून गाळायच्या. आणि एक सक्त ताकीद, प्रभूच्या मेजासाठी काढलेलं आधी चाखायचं नाही, बोटसुद्धा लावायचं नाही. पण त्या एप्रिलात आई विहिरीवर घसरली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. म्हणून काम माझ्यावर आलं. मी एकोणीस वर्षांची होते, मॅट्रिक होते आणि मला सगळं येतं असं मला वाटत होतं. रिबका ओहोळला येत नाही असं काही जगात आहे, हे मला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

बिशपसाहेब अठरा एप्रिलला यायचे होते. पाळकांनी नगरहून किलोभर मनुका आणल्या. माणसं दोनशे येणार, म्हटलं एवढ्यानं काय भागणार? मी गूळ घातला, चांगला मोठा खडा, आणि कोमट पाणी ओतून वाढवलं. रविवारी सकाळी मला गायनमंडळात उभं राहायचं होतं, म्हणून शनिवारी दुपारीच सगळं चुरून गाळून नव्या मडक्यात भरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि मुंग्या लागू नयेत म्हणून चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवलं. शहाणपणा तरी किती करावा माणसानं!

रविवारी दोन्हीकडची माणसं नवे कपडे घालून उन्हात दोन तास थांबली. मग एसटीच्या कंडक्टरनं निरोप आणला. बिशपसाहेबांची जीप घाटात बंद पडली, आता बुधवारी चार वाजता.

"रिबे, पानी नवं काढावं लागंल हं," आई म्हणाली.

"काढते ना," मी म्हणाले.

काढलं नाही. मनुका संपल्या होत्या, सोनझरीच्या दुकानात मिळत नव्हत्या, नगरला जायचं तर दिवस मोडणार. आणि खरं सांगायचं तर कंटाळा केला. मनुकांचं पाणी ते, त्याला काय होतंय?

बुधवारी साडेतीनला मडकं कडेवर घेऊन मी ओढा ओलांडला. वाटेत आतून काहीतरी कुजबुजल्यासारखा आवाज येत होता. मला वाटलं, चालण्यानं डुचमळत असेल.

पलीकडच्या देवळात वेदीच्या बाजूला एक लहान खोली होती. तिथं लाजरसकाका पांढरा सदरा घालून चांदीचा प्याला पुसत होते. "ये पोरी, आन इकडं," म्हणाले. मडकं घेतलं, फडक्याची गाठ सोडली आणि थांबले.

मग त्यांनी मडक्यावर वाकून वास घेतला. पुन्हा घेतला.

"रिबका, हे कवा काढलंस?"

"शनिवारी."

"गूळ घातला व्हता?"

"थोडा."

त्यांनी मडकं माझ्यासमोर धरलं. वर बारीक फेस होता आणि तळातून बुडबुडे येत होते. आंबटगोड, डोक्यात जाणारा वास. आमच्या घरात तसला वास मी जन्मात घेतला नव्हता, म्हणून मला काहीच कळलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"आंबलंय ग," ते हळू म्हणाले. "नुसतं आंबलं न्हाय. झाली."

मी तिथंच भिंतीला टेकून बसले. बाहेर कडुनिंबाखाली पप्पा आमच्या माणसांबरोबर थांबले होते. नवं धोतर, हातात पवित्रशास्त्र. त्यांनी अठ्ठावीस घरांना शब्द दिला होता, प्याल्यात मनुकांचं पाणी आहे, माझ्या घरात काढलेलं. आणि ते मी काढलं होतं.

"काका, नका सांगू त्यांना," मी रडत म्हणाले. "ते परत जातील. सगळे परत जातील. माझ्यामुळं झालं म्हणतील. चाळीस वर्षं बोलणी झाली आणि शांतवन मास्तरच्या पोरीनं मोडली म्हणतील."

"आन न्हाय सांगितलं तर?"

मी मनगटानं नाक पुसलं.

"तुझ्या आज्याला म्या बघितलंय, पोरी. ओढ्यात तोंड व्हतं त्याचं. आमी दोगांनी उलथा केला. तुझा बाप रडला न्हाय, नुसता माजा हात धरून व्हता. त्याला न सांगता ही त्याच्या तोंडाला लावू म्हनतीस?"

"मग नुसतं पाणी ठेवा प्याल्यात."

"पान्याचा द्राक्षारस प्रभूनं केला, उलटं केल्याचं कुठं वाचलं न्हाय म्या." एवढ्यातही ते किंचित हसले. मग सदऱ्याला हात पुसले. "रड थांबव. हितंच बस."

बाहेर जीपचा आवाज आला. माणसं 'आले, आले' करत उठली. लाजरसकाका गर्दीतून वाट काढत कडुनिंबाकडे निघाले आणि मी दाराच्या फटीला डोळा लावला.

काका पप्पांच्या कानाशी लागले. पप्पांचा चेहरा मला दिसत होता. आधी ते काकांकडे बघतच राहिले. मग त्यांची नजर वळली आणि थेट मी होते त्या दाराकडे आली. मी मागे सरले. पुन्हा बघितलं तेव्हा पप्पा मान खाली घालून उभे होते आणि काका वाट बघत होते. तिकडे बिशपसाहेब जीपमधून उतरून सगळ्यांना सलाम करत होते. शेवटी पप्पांनी काहीतरी एकच वाक्य म्हटलं. काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि परत आले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"ओत म्हनला."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"जे सांगायचं ते सांगितलं. तू ईचारू नगंस." त्यांनी तांब्याभर विहिरीचं पाणी मडक्यात ओतलं. "आमच्यात तशीबी पानी घालायची रीत हाय." मग प्याला भरला.

मी समजले. काका खोटं बोलले. 'सगळं ठीक आहे' असं काहीतरी सांगून आले. मनात आलं, धावत जावं आणि पप्पांना सांगावं. नाही गेले. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती.

उपासना झाली. दोनशे माणसं, आमची बाकं, त्यांची घंटा. पहिल्या गीताला दोन्हीकडच्या चाली थोडा वेळ एकमेकींशी भांडल्या आणि तिसऱ्या कडव्याला आमच्या गायनमंडळानं हार मानली. बिशपसाहेबांनी प्याला उचलला, घोट घेतला आणि त्यांची एक भुवई वर गेली.

मग त्यांनी मंडळीला बोलावलं आणि कुणीच उठेना. आमचे लोक पप्पांकडे बघत होते. पलीकडचे लाजरसकाकांकडे. पप्पा उठले. मधल्या वाटेनं एकटे पुढे गेले. मेजापाशी थांबून त्यांनी मागे वळून पाहिलं. लाजरसकाका उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. आमचे पप्पा कधीच गुडघे टेकायचे नाहीत, ते त्या दिवशी टेकले. प्याला त्यांच्या ओठांना लागला आणि मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा अठ्ठावीस घरं रांगेत उभी होती.

बाहेर पडताना पलीकडच्या भागूबाई म्हणाल्या, "मनुकांचं पानी उगंच नावं ठेवत व्हतो बया. लई झ्याक लागतं." आणि आमच्याकडचे म्हातारे म्हणत होते, चांदीच्या प्याल्याची चवच वेगळी. मी आईच्या पदराआड तोंड लपवलं. आईला वाटलं, पोरगी आनंदानं रडतेय.

घरी आल्यावर पप्पा बराच वेळ ओसरीवर बसून राहिले. मग स्टुलावर चढून त्यांनी शपथेची चौकट काढली आणि काखेत घेऊन ओढ्याकडे निघाले. "खिळा ढिला झालाय," म्हणाले. "लाजऱ्याकडून ठोकून आणतो." किती वर्षांनी त्यांच्या तोंडून 'लाजऱ्या' ऐकलं! मला मात्र त्याचंही सुख झालं नाही. मला वाटलं, ज्यानं फसवलं त्यालाच दोस्त म्हणतायत आणि हे सगळं माझ्यामुळं.

दिवेलागणीला ते परत आले, चौकट जागेवर लावली आणि जेवायला बसले. त्यानंतर सोनझरीत रविवारी एकच घंटा वाजते, ती आजतागायत. आमच्या जुन्या देवळात बालवाडी भरू लागली. पप्पा आणि लाजरसकाका रोज संध्याकाळी ओढ्यावरच्या दगडावर बसायचे आणि तंबाखूवरून भांडायचे.

आणि मी तेवीस वर्षं ते ओझं वाहिलं. नर्सिंग केलं, मिरजेला नोकरी केली, लग्न झालं, मुलं झाली. सुट्टीत माहेरी यायची तेव्हा त्या ओसरीवर पाहुणे बसलेले असायचे आणि पप्पा अभिमानानं भिंतीकडे बोट दाखवायचे. "अकराव्या वर्षी घेतली." मी उठून आत जायची. त्यांच्या आयुष्यातली एकच गोष्ट त्यांनी जिवापाड जपली होती आणि ती मी मोडली होती, तीही त्यांच्या नकळत. किती वेळा सांगायचं ठरवलं! प्रत्येक वेळी वाटायचं, म्हाताऱ्या माणसाचं समाधान कशाला हिरावून घ्या. लाजरसकाकांना एकदा पुन्हा विचारलं तर म्हणाले, "तुझ्या बापाला ईचार." मी विचारलं नाही. मग काका गेले आणि सहा वर्षांनी, चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये, पप्पाही गेले.

मे महिन्यात घर रंगवायला काढलं. रंगारी म्हणाला, भिंती मोकळ्या करून द्या. सगळ्यात शेवटी मी ती चौकट उतरवली. धूळ पुसायला उलटी केली, तर मागच्या फळीवर लिहिलेलं होतं. पप्पांचं मास्तरी अक्षर, लाल शाईचं, ज्यानं ते वह्या तपासायचे.

'ता. २१ एप्रिल १९७१. पुढच्या बाजूची शपथ आज मी एकदा मोडली आहे. समजून उमजून मोडली आहे. लाजरसनं मला सगळं खरं सांगितलं. वर म्हणाला, तू नाही म्हणालास तर मी सगळ्यांना सांगतो की मडकं माझ्या हातून फुटलं, उपासना पुढच्या आठवड्यात करू, पोरीचं नाव कुठंही येणार नाही. अकराव्या वर्षी जो माझ्यासाठी खोटी सही करायला तयार नव्हता, तो त्रेपन्नाव्या वर्षी माझ्या मुलीसाठी दोनशे माणसांपुढे खोटं बोलायला तयार झाला. मग मला एक घोट काय जड होता? रिबकाला काही बोलायचं नाही, पोर फार घाबरली आहे. उद्यापासून शपथ पुन्हा चालू. शां. दा. ओहोळ.'

त्याखाली पप्पांनी 'साक्षीदार' असं लिहून पुढे जागा सोडली होती. आणि त्या जागेत, सुताराच्या जाड पेन्सिलीनं, फळीत रुतेल इतकी दाबून केलेली सही होती. लाजरस भिंगारदिवे.

मी खाली जमिनीवर बसले आणि रडले. पप्पा गेले तेव्हासुद्धा एवढी रडले नव्हते. रडता रडता हसूही येत होतं. तेवीस वर्षं मी त्यांच्यापासून जे लपवत होते, ते त्यांनी माझ्यापासून लपवलं होतं आणि दोन्ही माझ्या डोक्यावर टांगलेलं होतं.

भिंती वाळल्यावर मी चौकट परत लावली. रंगारी सामान आवरत होता, त्यानं वर बघितलं.

"बाई, फोटो उलटा लागलाय."

"असू दे," मी म्हणाले. "आता ही बाजू दिसू दे."